घाणेरीचे विष : एका शोभिवंत झुडपाच्या प्रश्नाचा आढावा

महाराष्ट्रात घाणेरी किंवा टणटणी या नावाने ओळखले जाणारे आणि रोपवाटिकांत ‘लँटाना’ म्हणून विकले जाणारे झुडूप एकाच वेळी दोन निराळ्या ठिकाणी वाढत असते. शहरातल्या बागेत, इमारतीच्या कुंपणाशी आणि रस्त्याच्या दुभाजकावर ते बारमाही रंगांसाठी हौसेने लावले जाते. डोंगरउतारावर, गायरानात आणि जंगलाच्या कडेला तेच झुडूप कोणीही न लावता माजते आणि तिथे चरणाऱ्या गुरांच्या यकृताला कायमची इजा करू शकते. या विषारीपणाविषयी पशुवैद्यक, रसायनशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि वनअभ्यासक यांनी गेल्या शतकभरात पुष्कळ लिहिले आहे, परंतु प्रत्येकाने आपापल्या बाजूने लिहिल्यामुळे संपूर्ण चित्र क्वचितच एकत्र मांडले जाते. विष कोणते, ते शरीरात कसे काम करते, कोणाला बाधते, कोणाला फारसे बाधत नाही आणि कोणत्या परिस्थितीत बाधते, या प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवून पाहिली, तर घाणेरीचे विष आणि घाणेरीचा फैलाव हे दोन वेगळे विषय नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, हे स्पष्ट होते.

वनस्पती आणि तिचा प्रवास

घाणेरीचे शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा असे असून कार्ल लिनियसने १७५३ साली ते रूढ केले. व्हर्बिनेसी या कुळातील ही वनस्पती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील आहे. सतराव्या शतकात डच प्रवाशांनी ब्राझीलमधून तिची रोपे युरोपात नेली आणि तिथल्या काचगृहांत माळ्यांनी निरनिराळ्या अमेरिकी जातींचा परस्परांशी संकर करून शेकडो शोभिवंत वाण तयार केले. पुढे जगभर गेली ती मूळची रानटी वनस्पती नव्हे, तर बागेसाठी घडवलेली ही संकरित संतती होती. म्हणूनच आजच्या वर्गीकरणतज्ज्ञांपैकी अनेक जण तिला एकसंध जाती न मानता ‘लँटाना कॅमारा संकुल’, म्हणजे एकमेकींत मिसळलेल्या जातींचा आणि संकरांचा समूह मानतात. विषारीपणाचा विचार करताना या मिश्र वंशाचे महत्त्व पुढे पुन्हा लक्षात येईल.

भारतात हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणले गेले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यानंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी बंगल्यांभोवती व शेतांभोवती कुंपणासाठी त्याची ठिकठिकाणी लागवड केली, त्यामुळे देशातील त्याच्या प्रसाराला एकच केंद्र नव्हते. कुंपणासाठी त्याची निवड होण्याची कारणे उघड होती. ते लवकर वाढते, त्याला पाणी कमी लागते, त्याच्या चौकोनी फांद्यांवर उलटे वळलेले बारीक काटे असतात आणि जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ज्या गुणांमुळे ते उत्तम कुंपण ठरले, त्याच गुणांमुळे ते पुढे कुंपणाबाहेर आवरेनासे झाले.

रंगांचे कार्य

घाणेरीच्या फुलांचा गुच्छ जवळून पाहिला, तर बाहेरच्या कडेला लाल, नारिंगी किंवा गुलाबी फुले आणि मधोमध पिवळी फुले दिसतात. ही निरनिराळ्या रंगांची फुले नसून निरनिराळ्या वयाची फुले असतात, कारण कडेची फुले आधी उमलतात आणि उमललेले पिवळे फूल एकदोन दिवसांत रंग बदलते. ब्राझीलमध्ये राहणारा जर्मन निसर्गवैज्ञानिक फ्रिट्झ म्युलर याने १८७० च्या दशकातच नोंदवले होते, की फुलपाखरे पिवळ्या फुलांकडे जातात आणि रंग बदललेली फुले टाळतात. दिल्ली विद्यापीठातील एच. वाय. मोहन राम आणि गीता माथुर यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत या विषयावर केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की परागीभवन हेच रंगबदलाला चालना देणारे मुख्य कारण असून, मध असलेले ताजे फूल आणि काम झालेले फूल यांतला फरक कीटकाला त्यामुळे दुरूनच कळतो. जुनी फुले गळून न पडता गुच्छाचा आकार आणि भडकपणा टिकवून ठेवतात आणि कीटकाला दुरून बोलावतात.

बागकामाच्या दृष्टीने हीच या झुडपाची मोहिनी आहे. फुलांमागून येणारी हिरवी, वाटाण्याहून लहान फळे पिकल्यावर काळीजांभळी आणि चकचकीत होतात. बुलबुलासारखे पक्षी ती आवडीने खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पडतात. म्हणजे फुलपाखरे, पक्षी आणि माणूस या तिघांनाही हे झुडूप काही ना काही देते. पाला खाणाऱ्या सस्तन प्राण्यांना मात्र ते दूर ठेवते, आणि त्यासाठी त्याच्याकडे पानांचा उग्र दर्प, खरखरीत लव आणि पानांत साठवलेले विष अशी तीन साधने आहेत.

विषद्रव्ये आणि त्यांतील फरक

घाणेरीच्या विषाची रासायनिक ओळख १९४० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत पटली. ऑन्डरस्टेपोर्ट येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत लाउ या रसायनशास्त्रज्ञाने पानांतून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले आणि त्यालाच पुढे ‘लँटाडीन ए’ हे नाव मिळाले. त्यानंतर लँटाडीन बी, सी आणि डी ही त्याची भावंडेही सापडली. ही सर्व द्रव्ये ट्रायटर्पिनॉइड या गटात मोडतात. ट्रायटर्पिनॉइड म्हणजे कार्बनच्या ३० अणूंच्या सांगाड्यावर बेतलेली संयुगे. लँटाडीनच्या रेणूत हा सांगाडा एकमेकांना जोडलेल्या पाच वलयांचा असतो. अशा संयुगांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात आणि अनेक फळांच्या सालीवरील मेणातही आढळतात. लँटाडीनला घातकपणा येतो तो या सांगाड्याच्या एका ठराविक जागी जोडल्या गेलेल्या छोट्या आम्लशाखेमुळे, आणि ही शाखा किंचित बदलली तरी विषाची तीव्रता बदलते.

भारतात या विषयाचा सर्वांत चिकाटीने अभ्यास हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या केंद्रात झाला. कांग्रा खोऱ्यात घाणेरीने कुरणे व्यापली असल्यामुळे तिथला प्रश्न प्रत्यक्ष गोठ्यातला होता. ओ. पी. शर्मा, हरिंदर मक्कर, आर. के. डावरा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात लिहिलेले आढावे आजही जगभर आधारभूत मानले जातात. या कामातून आणि ऑस्ट्रेलियातील समांतर संशोधनातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली, ती म्हणजे सगळ्या घाणेरी सारख्या विषारी नसतात. लाल फुलांचे वाण सामान्यतः अधिक घातक आढळतात, तर काही वाणांत लँटाडीनचे प्रमाण अगदी कमी असते. मात्र या निष्कर्षावरून फुलाच्या रंगाकडे पाहून एखादे झुडूप निर्धोक ठरवणे धोक्याचे आहे. वर सांगितलेल्या मिश्र वंशामुळे एकाच डोंगरावर अनेक संकर शेजारी शेजारी वाढतात आणि बाहेरून सारखी दिसणारी दोन झुडपे आतून वेगळी असू शकतात. पाने वाळल्यानेही धोका टळत नाही. प्रयोगशाळेतील बहुतेक प्रयोग वाळवलेल्या पानांच्या पुडीवरच झाले आहेत, यावरून वाळल्या वैरणीत मिसळलेला घाणेरीचा पालाही सुरक्षित समजता येत नाही, हे उघड आहे.

जनावराच्या शरीरात काय घडते

घाणेरीची बाधा मुख्यतः रवंथ करणाऱ्या जनावरांना होते. गाय, बैल, म्हैस, मेंढी आणि शेळी या सर्वांत तिची नोंद आहे. मोठ्या जनावराने आपल्या वजनाच्या साधारण एक टक्का इतका ताजा पाला खाल्ला, तरी विषारी वाणाच्या बाबतीत ते आजारी पडू शकते. खाल्लेला पाला कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार कप्प्यांच्या पोटातील सर्वांत मोठ्या कप्प्यात साठतो. तिथून आणि पुढे आतड्यांतून लँटाडीन शोषले जाऊन थेट यकृतात पोहोचते. यकृताच्या पेशींच्या मधून केसाहून बारीक अशा पित्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते आणि लँटाडीनचा घाव नेमका या जाळ्यावर बसतो. पेशी पित्त तयार करतात, पण ते बाहेर वाहून नेण्याची वाट बंद होते. यकृताबाहेरच्या नळीत खडा अडकून होणाऱ्या अडथळ्याहून ही अवस्था वेगळी आहे, कारण इथे अडथळा यकृताच्या आतच, प्रत्येक पेशीच्या काठाशी असतो. बाधेने मेलेल्या जनावराच्या शवविच्छेदनात यकृत सुजलेले व पिवळट आणि पित्ताशय ताणून फुगलेले दिसते. मूत्रपिंडांनाही इजा झालेली असते.

यकृताला इजा होताच कोटीपोटाची हालचाल मंदावते आणि थांबते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात एम. ए. पास आणि मॅक्स्वीनी यांनी १९८० च्या दशकात मेंढ्यांवर केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की ही हालचाल थांबणे हा यकृताच्या इजेचाच परिणाम आहे. या शोधाचा अर्थ फार महत्त्वाचा होता. कोटीपोट थांबले की खाल्लेला विषारी पाला पुढे सरकत नाही. तो तिथेच साठून राहतो आणि त्यातून विष थोडे थोडे शोषले जाणे चालूच राहते. यकृताची इजा पोट बंद पाडते आणि बंद पडलेले पोट यकृताची इजा वाढवत नेते. त्यामुळे जनावराने एकदाच पाला खाल्ला आणि नंतर त्याला तोंडही लावले नाही, तरी आजार दिवसेंदिवस वाढत जातो. उपचाराची सगळी दिशा याच एका वस्तुस्थितीवरून ठरली आहे.

बाधेचे सर्वांत ठळक लक्षण कातडीवर दिसते. हिरवा चारा पचताना त्यातील हरितद्रव्यापासून कोटीपोटातील सूक्ष्मजीव फायलोएरिथ्रिन नावाचे द्रव्य तयार करतात. निरोगी जनावरात हे द्रव्य यकृताकडून पित्तावाटे बाहेर टाकले जाते, त्यामुळे त्याचा काहीच उपद्रव होत नाही. पित्ताची वाट बंद झाली की ते रक्तात साचते आणि कातडीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते. सूर्यप्रकाश शोषून घेणारे हे द्रव्य आजूबाजूच्या पेशी जाळू लागते. या विकाराला प्रकाशसंवेदनशीलता म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत रिमिंग्टन आणि क्विन यांनी १९३४ साली हे गूढ उकलले, तेव्हा त्यांच्यासमोर घाणेरी नव्हे, तर मेंढ्यांना सराटा खाल्ल्याने होणारा असाच एक आजार होता. महाराष्ट्राच्या माळरानावर सर्वत्र आढळणारा सराटा आणि अमेरिकेतून आलेली घाणेरी या वनस्पतीदृष्ट्या दूरच्या असल्या, तरी कातडीवरचा त्यांचा परिणाम एकाच मार्गाने होतो.

गोठ्यात हा आजार पुढील क्रमाने दिसतो. पाला खाल्ल्यापासून एकदोन दिवसांत जनावर चारा सोडते, रवंथ बंद होते, शेण कमी, घट्ट आणि काळपट पडते. डोळ्यांच्या आतली त्वचा व हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी गडद होते. जनावर उन्हात उभे राहायला तयार नसते, सावली शोधते, अस्वस्थ होऊन अंग घासते. मग नाकपुड्या, मुस्कट, कान, पापण्या आणि कास यांवरची कातडी लाल होऊन सुजते, तडकते आणि पुढे खपल्या धरून सुटू लागते. ऑस्ट्रेलियात या विकाराला ‘गुलाबी नाक’ अशा अर्थाचे नाव पडले ते यामुळेच. काळ्यापांढऱ्या होल्स्टिन संकरित गाईत तर हा फरक एकाच अंगावर पाहायला मिळतो. काळ्या ठिपक्यांखालची कातडी जवळजवळ शाबूत राहते आणि लगतच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची जळून सुटते, कारण काळ्या कातडीतील रंगद्रव्य प्रकाश अडवते. तीव्र बाधेत जनावर काही दिवसांत दगावते, तर इतर वेळी आजार एक ते चार आठवडे रेंगाळतो. एरवी साधी कावीळ किंवा कातडीचा रोग समजून वरवरचे मलम लावण्यात गेलेला वेळ अशा प्रसंगी महागात पडतो.

जनावर घाणेरी केव्हा खाते

या विषाविषयीची सर्वांत बोलकी माहिती रसायनशास्त्रातून नव्हे, तर चराईच्या निरीक्षणातून मिळते. घाणेरीच्या प्रदेशात जन्मलेली आणि वाढलेली जनावरे तिचा दर्प ओळखतात आणि पोटभर चारा असेल तर तिच्याकडे फिरकत नाहीत. बाधा होते ती प्रामुख्याने तीन परिस्थितींत. पहिली, बाहेरून नव्याने आणलेल्या जनावराच्या बाबतीत. बाजारातून विकत आणलेल्या गाईला किंवा दूरच्या मुलखातून आलेल्या कळपाला हे झुडूप अनोळखी असते. दुसरी, लांबच्या प्रवासानंतर उपाशीपोटी जनावर एकदम झुडपी रानात सोडले जाते तेव्हा. तिसरी आणि सर्वांत व्यापक परिस्थिती म्हणजे टंचाई. गवत वाळून गेलेले असते, कडबा संपत आलेला असतो आणि रानात हिरवे म्हणून उरलेले असते ते केवळ हे झुडूप.

महाराष्ट्रात या तिन्ही परिस्थिती नेहमीच्या आहेत. अवर्षणाच्या वर्षात जनावरे विकली जातात, हात बदलतात आणि अनोळखी रानात चरतात. मेंढपाळांचे कळप दरवर्षी ठरलेल्या वाटांनी लांबचा प्रवास करतात. संकरित दुधाळ गाय सहसा दावणीला असते, पण चारा महागल्यावर तीही बांधावर आणि ओढ्याकाठी सोडली जाते, आणि तिला लहानपणापासून रानातली बरीवाईट वनस्पती ओळखण्याची सवय नसते. म्हणून घाणेरीच्या बाधेला केवळ वनस्पतीचा दोष म्हणणे अपुरे आहे. विष झुडपात बारमाही असते. ते जनावराच्या पोटात जाते ते उपासमारीमुळे. चाऱ्याचे नियोजन हाच या बाधेवरचा सर्वांत परिणामकारक प्रतिबंध आहे, हे म्हणणे इथे केवळ उपदेशाचे न राहता या विषाच्या स्वभावातूनच निघते.

उपचारांचा आढावा

लँटाडीनवर नेमका उतारा उपलब्ध नाही. वर सांगितल्याप्रमाणे कोटीपोटात साठलेला पाला हा विषाचा चालू झरा असल्यामुळे तो बंद करणे हे उपचाराचे पहिले उद्दिष्ट असते. पास यांच्या गटाने सक्रिय कोळशाचा, म्हणजे विष आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र कोळशाच्या भुकटीचा वापर यशस्वी करून दाखवला. प्रौढ जनावराला सुमारे अडीच किलो भुकटी क्षारयुक्त पाण्याच्या २० लिटर द्रावणात मिसळून नळीवाटे पोटात दिली जाते. इतके मोठे प्रमाण आणि नळी घालण्याचे कौशल्य यांमुळे हे काम पशुवैद्यकानेच करायचे असते. सक्रिय कोळसा महाग पडतो, म्हणून ऑस्ट्रेलियात मॅकेन्झी यांनी १९९१ साली बेंटोनाइट या मातीचा वापर तपासला आणि तीही उपयोगी ठरली. बरे होण्यास कोळशापेक्षा अधिक दिवस लागले, तरी खर्च पुष्कळच कमी होता. अतिगंभीर प्रसंगी शस्त्रक्रिया करून कोटीपोट रिकामे करणे आणि निरोगी जनावराच्या कोटीपोटातील द्रव त्यात घालणे हाही मार्ग अवलंबला जातो.

या जोडीला जनावराला ताबडतोब दाट सावलीत किंवा अंधाऱ्या गोठ्यात बांधणे, शरीरातील पाणी भरून काढणे, जखमांना जंतुसंसर्ग होऊ न देणे आणि त्यांवर माश्या बसू न देणे आवश्यक असते. सावलीचा उपाय बिनखर्चाचा आहे आणि पशुवैद्यक येईपर्यंत पशुपालकाला स्वतः करता येण्याजोगा आहे. मात्र सावली कातडीला वाचवते, यकृताला नाही. कातडी सुधारताना दिसली म्हणून पोटातील विषाकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते.

माणसांना आणि मुलांना असलेला धोका

माणसाच्या बाबतीतला पुरावा गुरांच्या पुराव्याइतका एकमुखी नाही. १९६४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातून वुल्फसन आणि सॉलोमन्स यांनी घाणेरीची फळे खाल्लेल्या १७ मुलांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील काही मुलांना अशक्तपणा, तोल जाणे, श्वास संथ व खोल होणे अशी लक्षणे दिसली आणि एका मुलाचा मृत्यू झाला. हिरवी, कच्ची फळे अतिविषारी असतात हा समज मुख्यतः या अहवालावरून रूढ झाला आणि बागकामाच्या पुस्तकांतून दशकानुदशके पुढे चालत आला. त्यानंतर २०१० साली कॅलिफोर्नियातील विषनियंत्रण केंद्रांकडे आलेल्या नोंदींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहाशेहून अधिक मुलांचा समावेश होता. बहुतेकांना कोणतेही लक्षण दिसले नाही, थोड्यांना उलटी किंवा पोटदुखी झाली, मृत्यू एकही झाला नाही आणि कच्च्या व पिकल्या फळांत लक्षणीय फरकही आढळला नाही.

हे दोन्ही अहवाल एकत्र वाचले तर निष्कर्ष असा निघतो, की एखाददुसरे फळ तोंडात टाकलेल्या मुलाच्या पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु निष्काळजीपणालाही आधार मिळत नाही. पहिला अहवाल रुग्णालयात आणलेल्या मुलांविषयीचा होता, तर दुसऱ्यात केवळ खबरदारी म्हणून दूरध्वनी केलेल्या घरांचाही मोठा वाटा होता. त्यामुळे दोन चित्रांतला फरक काही अंशी नोंदीच्या पद्धतीतला आहे. शिवाय माणसाला रवंथाचे पोट नसते, तो किलोभर पाला खात नाही आणि फळ व पान यांतले रसायन सारखे नसते. मुलाने फळे किंवा पाने जास्त प्रमाणात खाल्ली असतील, किंवा उलट्या, ग्लानी, धाप यांपैकी काही दिसत असेल, तर घरगुती उपाय न करता, मुद्दाम उलटी न करवता, झुडपाची फांदी सोबत घेऊन रुग्णालय गाठणे योग्य. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून डॉक्टरांना आणि नागरिकांना मार्गदर्शन मिळते. काही जणांच्या त्वचेला पाने चोळली गेल्यास खाज सुटते, म्हणून छाटणी करताना हातमोजे वापरावेत.

घाणेरीच्या पाल्याचा काढा ताप, सर्दी किंवा सांधेदुखीवर घेण्याचा सल्ला अधूनमधून परंपरेच्या नावाने दिला जातो. हे झुडूप भारतात येऊन जेमतेम दोनशे वर्षे झाली असल्यामुळे चरक-सुश्रुतांच्या संहितांचा आधार त्याला असणे शक्यच नाही. प्रयोगशाळेत त्याच्या अर्कांचे काही गुणधर्म आढळले असले, तरी यकृताला इजा करणाऱ्या पानांचा काढा घरी करून पिणे समर्थनीय ठरत नाही.

फैलाव : विषाची दुसरी बाजू

घाणेरी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेशी संलग्न तज्ज्ञगटाने केलेल्या जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. भारतीय वन्यजीव संस्थेतील निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातील व्याघ्रप्रदेशातल्या जंगलांपैकी सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पसरलेली आहे. कर्नाटकातील बिळिगिरी रंगनबेट्टाच्या जंगलात सुंदरम आणि हिरेमठ यांनी केलेल्या पाहणीत १९९७ साली तपासलेल्या तुकड्यांपैकी सुमारे दोनपंचमांश तुकड्यांत आढळलेली घाणेरी २००८ पर्यंत सुमारे चारपंचमांश तुकड्यांत पोहोचली होती. सह्याद्रीच्या उतारांवर, मुंबईलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि मेळघाटातही ती सर्वपरिचित आहे.

या फैलावाचा विषाशी थेट संबंध आहे. जनावरे आजूबाजूचे गवत आणि कोवळी रोपे खातात, पण घाणेरीला वगळतात. त्यामुळे जितकी चराई जास्त, तितके घाणेरीचे प्रतिस्पर्धी कमी. तिच्या दाट जाळीखाली प्रकाश पोहोचत नाही आणि गवत उगवत नाही. गवत कमी झाले की उरलेल्या गवतावर चराईचा भार वाढतो आणि घाणेरीला आणखी जागा मिळते. अशा रीतीने विषामुळे सुरक्षित राहिलेले झुडूप गवत हटवते, गवत हटल्याने भूक निर्माण होते आणि भुकेपायी शेवटी जनावर त्याच झुडपाला तोंड लावते. हरणे, गवे, हत्ती यांच्या खाद्यावरही याच मार्गाने गदा येते. दक्षिणेतील जंगलांत हत्तींच्या गवताळ खाद्याचा ऱ्हास घाणेरीशी जोडला गेला आहे. बाधेच्या एकेका घटनेत दगावलेली गाय दिसते, परंतु गायरानातून हळूहळू नाहीशी झालेली वैरण हे या विषाचे त्याहून मोठे आणि कोणत्याही पशुवैद्यकीय नोंदवहीत न येणारे नुकसान आहे.

नियंत्रणाचे प्रयत्न

घाणेरीला आवर घालण्यासाठी कीटकांचा वापर करण्याचा प्रयत्न १९०२ साली हवाई बेटांवर झाला. आल्बर्ट कोबेले यांनी मेक्सिकोतून २३ जातींचे कीटक तिथे पाठवले आणि तणाच्या जैविक नियंत्रणाच्या जगातील अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. भारतात १९२१ साली फळांतील बी पोखरणारी एक माशी आणली गेली. १९४१ साली पानांतील रस शोषणारा एक ढेकूणवर्गीय कीटक ऑस्ट्रेलियातून देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत आला. तो सागाच्या फुलांवरही उपजीविका करतो असे दिसल्यावर त्याचा साठा नष्ट करण्यात आला, तरी काही कीटक निसटले आणि पुढे देशात पसरले. या सर्व प्रयत्नांनी घाणेरी काही काळ निष्पर्ण झाली, पण हटली नाही. तिचा मिश्र वंश हे त्यामागचे एक कारण मानले जाते, कारण एका वाणावर पोसणारा कीटक दुसऱ्या वाणावर तितका पोसत नाही.

केवळ वरून तोडल्यास बुंध्यापासून दुप्पट धुमारे फुटतात आणि जाळल्यास मोकळ्या झालेल्या जमिनीत तीच पुन्हा आधी उगवते. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधी पण परिणामकारक पद्धत रूढ केली. जमिनीच्या पृष्ठभागाखाली काही सेंटीमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे आणि उपटलेले झुडूप उलटे ठेवून वाळू द्यायचे, ही ती पद्धत. फळे धरण्यापूर्वी हे काम करणे, पुढची दोनतीन वर्षे पक्षी बसतात त्या झाडांखाली उगवणारी रोपे काढत राहणे आणि मोकळ्या जागेत ताबडतोब स्थानिक गवत लावणे, या तीन गोष्टींची जोड नसेल तर श्रम वाया जातात. कर्नाटकातील मले महादेश्वर टेकड्यांत सोलिगा समाजातील कारागीर अट्री या संशोधन संस्थेच्या साहाय्याने घाणेरीच्या फांद्यांचे फर्निचर करू लागले, आणि निलगिरीच्या परिसरातील आदिवासी कारागिरांनी तिच्या काठ्यांतून घडवलेले पूर्णाकृती हत्ती २०२१ साली लंडनच्या उद्यानांत मांडले गेले. अशा उपयोगांतून उपजीविका मिळते हे मोलाचे आहे. परंतु फैलावाच्या प्रमाणात हा वापर लहान आहे आणि तो निर्मूलनाला पूरक ठरू शकतो, पर्याय नव्हे.

बागेपुरता निष्कर्ष

उपलब्ध पुराव्याचा एकत्रित विचार केला तर घाणेरीविषयीची दोन टोकाची मते टिकत नाहीत. घरातल्या मुलांचा जीव घेणारे झुडूप म्हणून तिच्याकडे पाहणे पुराव्याला धरून नाही आणि फुलपाखरांना मध देणारे निरागस झुडूप म्हणून तिची शिफारस करणेही तितकेच चुकीचे आहे. बागेतल्या घाणेरीचा खरा धोका बागेत नसतोच; तिची फळे खाणारा पक्षी ज्या माळावर जाऊन बसतो, तिथे तो उगवतो, आणि तिथे चरणारे जनावर बाग लावणाऱ्याचे नसते. शहरातील हौसेची किंमत गावातील पशुपालक मोजतो, ही या प्रश्नातली सर्वांत मोठी विषमता आहे.

या दृष्टीने काही कर्तव्ये निश्चित करता येतात. गावाजवळ, शेतघरावर आणि जंगलालगतच्या विश्रामगृहांत ही वनस्पती नव्याने लावू नये. शहरात आधीच असलेल्या झुडपांची फुले सुकताच छाटणी करून फळे धरू देऊ नयेत आणि छाटलेला पाला जिथे मोकाट गुरे पोहोचतात अशा कचऱ्याच्या ढिगावर टाकू नये. अमेरिकेत बीज न धरणारे वाण विकसित झाले आहेत. रोपवाटिकांनी ग्राहकाला निदान असा फरक सांगितला पाहिजे, मात्र बी न धरणारे झुडूपही गुरांसाठी निर्विष असते असे समजू नये. रंग आणि फुलपाखरे यांसाठी निर्गुडी, धायटी अशी देशी झुडपे उपलब्ध आहेत. पशुपालकाने नवे जनावर आणल्यावर पहिले काही दिवस त्याला पोटभर वैरण देऊनच रानात सोडावे. आणि ग्रामपंचायतींनी गायरानातील घाणेरी काढून तिथे गवत वाढवण्याचे काम वृक्षारोपणाइतकेच महत्त्वाचे मानावे, कारण जिथे गवत भरपूर असते, तिथे जनावर या झुडपाला तोंड लावत नाही, हे शतकभराच्या संशोधनाने आणि त्याहून जुन्या गुराख्यांच्या अनुभवाने सारख्याच ठामपणे सांगितले आहे.